उघड्या भिंतीचा दिवस

१

चोरी झाली मंगळवारी साडेअकराला आणि तिचा बोभाटा झाला बारा वाजून दहा मिनिटांनी. मधल्या चाळीस मिनिटांपैकी पंचवीस मिनिटं चिमणी फुटलेल्या कपाटासमोर अनवाणी उभी होती. ना ओरडली, ना कुणाला हाक मारली. तिच्यावर आळ आला तो त्या गप्प उभं राहण्यामुळेच.

“पण उभी का राहिलीस गं?” आत्यानं विचारलं.

“लाल दिवा लागला होता ना,” चिमणी म्हणाली आणि ओढणीच्या टोकानं तिनं नाक पुसलं.

हे ऐकून दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. आत्यानं नाही लावला. सव्वीस वर्षं ती रुग्णालयाच्या कान विभागात माणसांना किती ऐकू येतं ते तपासत होती. आत्ताही तिच्या मागे विभागातली ती कपाटाएवढी खोली होती, आतून करड्या स्पंजानं मढवलेली. माणसाला आत बसवायचं, कानांना यंत्र लावायचं आणि बारीकसा आवाज आला की बटण दाब म्हणायचं. त्या खोलीबाहेर लाल दिवा लागला की आत्या स्वतः खोकलासुद्धा गिळत असे. सासूचं ऐकायला नको म्हणून बहिरी झालेली सून तिनं पाहिली होती, आणि सुनेचं ऐकायला नको म्हणून बहिरी झालेली सासूही. खरं बहिरेपण आणि घेतलेलं बहिरेपण यांतला फरक तिला लांबून कळे.

“नीट सांग. अगदी सकाळपासून.”

चिमणी ज्या ग्रंथालयात काम करी तिथे पुस्तकं वाचायची नसत, ऐकायची असत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वाचक मंडळी एका खोलीत बसून मोठ्यानं पुस्तक वाचत आणि त्याचं रेकॉर्डिंग घरोघरी जाई. पहिल्या मजल्यावर ती खोली, चारी भिंतींना स्पंजाच्या लाद्या, दारावर वाचन चालू असताना लागणारा लाल दिवा. बाहेर लांबोडकी ओसरी, तिथे चिमणीचं टेबल आणि काचेचं कपाट. खाली तळमजल्यावर संचालिकाबाईंचं ऑफिस.

कपाटातून गेली होती एकच वस्तू. मावशींच्या आवाजाची हार्डडिस्क.

मावशी म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या वाचक. अकरा वर्षं त्यांनी वाचलं. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. लोकांच्या घरी त्यांच्या पुस्तकांच्या आकारानं लहान, आवाजानं पातळ केलेल्या प्रती होत्या, पण मुळातलं, स्वच्छ, श्वासन्‌श्वास ऐकू येणारं रेकॉर्डिंग त्या एका डिस्कवरच होतं.

“मला वाचायला त्यांनीच शिकवलं गं,” चिमणी म्हणाली. “माझा आवाज असा किनरा, तरी म्हणाल्या होत्या, तुला मुलांची पुस्तकं देईन. आता त्यांना कळलं की मी… बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत डिस्क आणून दे, नाहीतर पोलिसांत नाव देते म्हणाल्या.”

“त्या वेळी मजल्यावर आणखी कोण होतं?”

“भारदस्तदादा. पण ते आत वाचत होते. त्यांना काही ऐकूच आलं नाही. आज सकाळी बाई मला त्या खोलीच्या दाराशीच बोल बोल बोलल्या. मी रडले, अगदी हुंदके देऊन. दादा तेव्हाही आतच होते. नंतर बाहेर आले आणि म्हणाले, अगं, आत काही कळलंच नाही बघ, नाहीतर मी तुझी बाजू घेतली असती.”

आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“चिमणे, लाल दिवा लागला की तू चपला का काढतेस?”

“आवाज आत जातो म्हणून.”

“हं,” आत्या म्हणाली. “उद्या मी रजा टाकते.”

२

गुरुवारी सकाळी दोघी ग्रंथालयात पोचल्या तेव्हा स्पंजवाला शिडीवर चढून खोलीच्या कोपऱ्यातली एक लादी दाबून बघत होता. हा माणूस शहरभर भिंतींना स्पंज लावत हिंडायचा. मंगळवारी दहा वाजता त्यानं याच खोलीतली वाचकाच्या समोरची अख्खी भिंत उघडी केली होती. ओलीनं गोंद सुटला होता, लाद्या पोट सुटलेल्या माणसासारख्या पुढे आल्या होत्या. जुन्या लाद्या पोत्यात भरून तो साडेदहाला निघून गेला.

“पोत्यात भरून,” आत्या म्हणाली.

“हां बाई, कळलं मला.” स्पंजवाला शिडीवरूनच हसला. “सगळ्यांनी पोत्याकडेच बोट दाखवलं. पण काच फुटली साडेअकराला, आणि मी तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला गोंदाच्या दुकानात मालकाशी भांडत होतो. विचारा त्याला. अजून शिव्या देत असेल.”

“परत कधी आलात?”

“अडीचला. तीनपासून नव्या लाद्या चढवल्या. संध्याकाळपर्यंत भिंत बंद.” तो खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, “एक सांगू? या धंद्यात चोरीपेक्षा अज्ञानाचा त्रास जास्त. लोकांना वाटतं, स्पंज लावला की शेजारी मुका होतो. एकानं तर मला सांगितलं, बायकोच्या खोलीला लाव. मी म्हटलं, साहेब, तिचा आवाज तिला कमी घुमल्यासारखा वाटेल, तुम्हाला आहे तेवढाच येईल!”

चिमणी दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

“या भिंतीत काय काय निघालं?” आत्यानं विचारलं.

“काय निघायचंय? पोपडे. आणि मधोमध जुन्या पंख्याचं भोक, बाहेरच्या अंगानं विटांनी बुजवलेलं. त्यात बोळा भरायचा मी विसरून गेलो होतो. अडीचला येऊन बघतो तर कुणीतरी माझेच तुकडे घेऊन ते छान गच्च भरून ठेवलेलं. म्हटलं, चला, या इमारतीत माझ्या कामाची कुणाला तरी कदर आहे!”

आत्यानं त्या भिंतीवरून नजर फिरवली. नव्या लाद्या, काळ्या, दातेरी, एकीला एक चिकटलेल्या. तिनं हलकेच एक टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथल्या तिथे विरून गेली, वाळूत पाणी जिरावं तशी.

“मंगळवारी ही भिंत उघडी असताना आत कुणी बोललं का?”

“भारदस्तदादांनी प्रकरण वाचलं,” चिमणी म्हणाली. “आणि दुपारी दोनला बाईंनी श्रोत्यांसाठी सूचना रेकॉर्ड केली, पुढच्या महिन्याच्या पुस्तकांची. भिंतीसाठी थांबायला त्यांना वेळ नव्हता.”

आत्यानं मान डोलावली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि पावलांच्याही आधी आवाज वर आला, खोल, गोल, विहिरीतून यावा तसा.

“ऐकलं, आमच्या चिमणीच्या आत्या आल्यात!”

३

भारदस्त हे नाव त्याला आवाजावरून पडलं होतं. अंगानं तो काडीपैलवान होता. पंधरा वर्षं नाटकात राजे आणि भुतं केल्यावर वर्षभरापूर्वी तो इथे वाचायला आला. त्यानं आत्यासाठी खुर्ची ओढली, चिमणीला चहा सांगितला, मग स्वतःच उठून करून आणला. वाईट माणूस वाटत नव्हता. आत्याला तेच खुपलं.

“मी पावणेअकराला आत गेलो, ताई. दिवा लावला. बारा वाजून दहाला बाहेर आलो तर ही पोर पुतळ्यासारखी उभी. रेकॉर्डिंगचं कार्ड तिच्या हातात दिलं, संपूर्ण प्रकरण होतं त्यावर, आणि मग लक्ष गेलं काचांकडे.”

“काच फुटली तेव्हा दचकला नाहीत?”

“या खोलीत एकदा दार लावलं की जग संपतं बघा,” तो म्हणाला. “आत मी आणि पुस्तक.”

“मावशींना ओळखायचात?”

त्याचा आवाज एकदम खाली आला. “त्यांनी मला वाचायला शिकवलं. तोवर मी नुसता बोलायचो. त्यांचा एक नियम होता. आधी एक टाळी, मग पान. टाळीमुळे प्रकरण कुठे सुरू झालं ते नंतर शोधायला सोपं जातं. तो नियम आम्ही सगळे अजून पाळतो, बाईसुद्धा. असा आवाज, ताई, यंत्रांच्या तोंडात घालायची वस्तू नव्हे. त्यांचा श्वास कुठून आणणार यंत्र?”

“खरंय,” आत्या म्हणाली आणि तिनं चहाचा घोट घेतला. चहा छान झाला होता.

खाली संचालिकाबाई फायलींच्या ढिगाआडून म्हणाल्या, “तुमची भाची आहे, मला समजतं हो. पण किल्ली फक्त आम्हा दोघींकडे. तिनं किल्ली न वापरता काच फोडली ती बाहेरच्या माणसाचा संशय यावा म्हणून. नाहीतर पंचवीस मिनिटं कोण तोंडाला कुलूप लावून उभं राहतं?”

“तुम्ही आवाज ऐकलात?”

“स्वच्छ! फोनवर होते, घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा. वाटलं, स्पंजवाल्यानं काही पाडलं.”

“नंतर झडती घेतलीत?”

“सगळ्यांच्या पिशव्या, टेबलं, गच्ची, ती खोलीसुद्धा. खोलीत आहे काय, टेबल, खुर्ची, माइक आणि भिंत. काही नाही मिळालं. गच्चीवर हिनं माइकच्या टोप्या धुऊन वाळत घातलेल्या. तेवढा वेळ आपण तिथेच होतो म्हणते. बघितलं कुणी?”

“एक विचारू? मावशींची डिस्क जाण्यानं तुम्ही इतक्या का हवालदिल झालात? म्हणजे दुःख आहेच. पण तुमच्या बोलण्यात घाईही आहे.”

बाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं. मग ड्रॉवरमधून एक कागद काढून आत्यापुढे सरकवला. एक कंपनी माणसाच्या रेकॉर्डिंगवरून यंत्राला त्याच माणसाच्या आवाजात बोलायला शिकवत होती. कुठलंही पुस्तक द्या, मावशींच्या आवाजात वाचून घ्या. डिस्क बुधवारी पाठवायची होती.

“मावशींना विचारलंत?”

“त्या अजून सावरतायत. सांगणारच होते. चांगलंच आहे ना, त्यांचा आवाज राहील.”

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाही नाही. कागद माझ्या टेबलावरच होता सोमवारपर्यंत. मी एक शब्द बोलले नाही.”

आत्या कागद परत देत उठली. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर ती थांबली. यंत्रांच्या तोंडात. वर बसलेला माणूस मघाशी हेच म्हणाला होता.

४

“बाई, दहा मिनिटं वर येता? माझ्याबरोबर त्या खोलीत बसा,” आत्यानं परत वळून विनंती केली. तिच्या हळू बोलण्यात असं काही होतं की संचालिकाबाई नाही म्हणता म्हणता उठल्या.

दोघी आत बसल्या. दार लावलं, दिवा लावला. चारी बाजूंनी काळे दाते. बाईंना आपल्याच कानांत काहीतरी भरल्यासारखं वाटलं.

“बघा ना, किती शांत आहे,” त्या कुजबुजल्या. “इथे बाहेरचं काय ऐकू येणार?”

बाहेर ठाण्‌ झालं.

बाई खुर्चीतून उडाल्या. “काय पडलं?”

“चमचा,” आत्या म्हणाली. “चिमणीला सांगून ठेवलं होतं. कपाटापाशी, कमरेच्या उंचीवरून. मी सव्वीस वर्षं लोकांना हेच समजावतेय. स्पंज खोलीतला आवाज पितो. तुम्ही बोललात की तो भिंतीवर आपटून परत येत नाही, म्हणून शांत वाटतं. पण बाहेरून येणाऱ्याला तो अडवत नाही. त्याला जाड भिंत लागते, जड दार लागतं. हे दार तर प्लायचं आहे. मंगळवारी एक भिंत उघडी होती की नव्हती, बाहेरच्या आवाजाला त्याचं काही नाही. चमचा ऐकू येतो तिथे कपाटाची काच फुटल्याचं ऐकू येणार नाही? चिमणी सांगत होती तुम्हाला, मी चपला काढून चालते म्हणून.”

“मला वाटलं, तिची आपली सवय,” बाई पुटपुटल्या. मग एकदम ताठ झाल्या. “पण थांबा! त्याचं कार्ड मी स्वतः ऐकलंय, मंगळवारीच, संशय नको म्हणून. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याच्यावर काचेचा आवाज नाही! एवढा जवळचा माइक, सुई पडली तर पकडतो. म्हणजे आत खरंच आवाज आला नव्हता. मग तुमचा चमचा खोटा की माझे कान?”

प्रश्न रास्त होता. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी भांडत असल्या की तिसरी कुठली तरी खोटी असते, एवढं आत्याला ठाऊक होतं. खोटं बोलणारे रुग्ण तिला असेच सापडत. डावा कान खरं बोलत असे, उजवाही खरंच बोलत असे, आणि दोघांचं मिळून जे होई ते अशक्य असे.

“ते कार्ड आहे?”

“कपाटात. मंगळवारची तारीख त्याच्याच अक्षरात आहे वर.”

“आणि तुम्ही दुपारी दोनला रेकॉर्ड केलेली सूचना?”

“तीही आहे. पण तिचा काय संबंध?”

“भारदस्तांनाही बोलवा,” आत्या म्हणाली. “त्यांच्या पाठीमागे नको ऐकायला.”

५

चिमणीच्या टेबलावर दोन स्पीकर होते. भारदस्त हाताची घडी घालून खिडकीशी उभा राहिला. स्पंजवाला आपली शिडी घेऊन निघाला होता, तोही जिन्यावर रेंगाळला.

“मी फार काही ऐकवणार नाही,” आत्या म्हणाली. “फक्त दोन टाळ्या. चिमणे, आधी बाईंची.”

टाळी वाजली. आणि तिच्यामागून बारीक, पत्र्यावर नख ओढावं तशी झणझण थोडा वेळ रेंगाळली. मग संचालिकाबाईंचा आवाज, जरा न्हाणीघरातून आल्यासारखा: “श्रोतेहो…”

“शी! असा येतो माझा आवाज?”

“त्या दिवशी आला,” आत्या म्हणाली. “समोरची अख्खी भिंत उघडी होती. उघड्या भिंतीवरून टाळी परत येते. आता दादांची, त्याच दिवशीची, त्याच खोलीतली, तीन तास आधीची.”

टाळी वाजली. आणि तिथेच संपली. कोरडी. पाठीमागे काही नाही, फक्त पान उलटल्याचा आवाज.

“पुन्हा लाव,” बाई म्हणाल्या. चिमणीनं पुन्हा लावली. दोन्ही टाळ्या एकामागून एक. तिसऱ्यांदा लावायची गरज पडली नाही.

“अरे, ही टाळी तर माझ्या लाद्यांमधली आहे!” जिन्यावरून स्पंजवाला ओरडला. “उघड्या भिंतीची नव्हेच!”

“म्हणून त्या कार्डावर काचेचा आवाज नाही,” आत्या म्हणाली. “हे वाचन सोमवारचं किंवा त्याच्याही आधीचं. मंगळवारी आत दिवा होता, वाचन नव्हतं. दादा, तुम्ही रंगमंचावरचे. तुम्हाला वाटतं आवाज गळ्यात असतो. अर्धा असतो गळ्यात. उरलेला अर्धा खोलीत असतो. ती उघडी भिंत तुमच्या समोर दीड तास होती आणि तुम्हाला तिची आठवण राहिली नाही, कारण तुम्ही तिच्यासमोर एक शब्दही उच्चारला नव्हतात.”

भारदस्तानं हाताची घडी सोडली.

“चिमणी गच्चीवर गेलेली तुम्ही ऐकलीत, कारण आतून सगळं ऐकू येतं. बाहेर आलात, काच फोडलीत, डिस्क घेऊन परत आत. पिशवीत ठेवली असती तर झडतीत सापडली असती, हे तुम्हाला कळत होतं. आणि समोरच्या भिंतीला भोक होतं. शेजारी स्पंजाचे तुकडे पडलेले.”

स्पंजवाल्यानं शिडी तिथेच सोडली. तो खोलीत शिरला आणि त्यानं मधली लादी दोन्ही हातांनी ओढली. चर्र आवाज करत ती निघाली. सकाळी ज्याचं त्यानं कौतुक केलं होतं तो बोळा त्यानं उपसला, कोपरापर्यंत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली चपटी वस्तू बाहेर काढली.

“माझी कदर करणारा भेटला एकदाचा,” तो म्हणाला.

भारदस्त खुर्चीत बसला. “मी नष्ट करणार नव्हतो ती,” तो म्हणाला. “बाईंच्या टेबलावर तो कागद बघितला आणि… मावशींनी आयुष्य घालवून एकेक वाक्य घडवलं. उद्या तोच आवाज जाहिरात वाचेल, बसथांब्यांची नावं वाचेल. त्या बोलू शकत नाहीत, नाही म्हणू शकत नाहीत. कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. भिंत त्याच दिवशी बंद होईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. काल दिवसभर मी त्या लादीकडे बघत बसलो.”

संचालिकाबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी चिमणीकडे बघितलं.

बोलली ती चिमणीच. तिच्या किनऱ्या आवाजात कंप नव्हता.

“दादा, डिस्कचं मी समजू शकते. मला विचारलं असतंत तर कदाचित किल्लीही दिली असती. पण काल बाई मला चोर म्हणाल्या त्या दाराशी. मी रडत होते. तुम्ही आत होतात, चार पावलांवर. आणि बाहेर येऊन म्हणालात, काही ऐकू आलं नाही.”

भारदस्तानं मान खाली घातली.

“ऐकलंत ना?”

“ऐकलं,” तो म्हणाला. “सगळं.”

“बस्स. मला एवढंच हवं होतं.”

आत्यानं हार्डडिस्क रुमालासकट उचलली. संचालिकाबाईंनी हात पुढे केला. भारदस्तही अर्धवट उठला. आत्यानं ती दोघांनाही दिली नाही.

“ही ज्यांची आहे त्यांच्याकडे जाऊ,” ती म्हणाली.

६

शुक्रवारी सकाळी चौघं मावशींच्या घरी गेले. दार मावशींनीच उघडलं. गळ्याभोवती पातळ रुमाल, हातात लहान मुलांची पाटी. आतल्या खोलीतून एका वृद्ध गृहस्थाचा आवाज आला, “कोण आलंय गं?” आणि उत्तराची वाट न बघता ते भिंतीला हात लावत, पाऊल चाचपत बाहेर आले. त्यांचे डोळे कधीचेच गेलेले होते.

“ही माझ्यामुळे वाचायला लागली बरं का,” ते पाहुण्यांच्या आवाजाच्या दिशेनं बोलले. “आधी मला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. मग म्हणाली, एकट्याला कशाला, सगळ्यांनाच वाचते.”

भारदस्तानं सगळं सांगितलं. काहीही न लपवता, आवाज न लावता. संचालिकाबाईंनी आपला कागद पुढे ठेवला आणि चिमणीवर घेतलेल्या संशयाबद्दल सगळ्यांसमोर माफी मागितली. मावशींनी दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाटीवर खडू चालू लागला. आत्या शेजारी बसली होती, तिनं वाचलं:

“आवाज माझा. तू चोरलास. त्या पाठवणार होत्या. विचारलं कुणीच नाही.”

“मावशी, मी तुमच्यासाठीच…” भारदस्त म्हणाला.

खडू पुन्हा चालला. “माझ्यासाठी केलंस, मग या पोरीला का रडू दिलंस?”

भारदस्त उठला, चिमणीपुढे उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “मला क्षमा कर.” चिमणीनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. “लगेच नाही जमणार, दादा,” ती म्हणाली. “पण प्रयत्न करीन.” आत्याला ते उत्तर आवडलं.

“मावशी, कंपनीला नाही कळवते मी आजच,” संचालिकाबाई म्हणाल्या आणि कागद घडी करायला लागल्या. मावशींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. कागद काढून घेतला. सावकाश, एकेक ओळ वाचला. खाली बोट ठेवून मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं.

“यंत्र मी लिहीन ते बोलेल का? माझ्या आवाजात?”

संचालिकाबाई गोंधळल्या. “हो… बोलेल. पण आम्हाला वाटलं, तुम्हाला ते…”

“घरात बोलेल? या खोलीत?”

“हो.”

मावशी उठल्या. नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रुमालाची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. सात महिने या घरात बोलणारा तो एकटाच होता. मावशींना काही सांगायचं झालं की त्या त्याच्या तळहातावर एकेक अक्षर काढत, आणि म्हाताऱ्या हाताला निम्मी अक्षरं समजत नसत. दुसऱ्या खोलीतून तर त्यांना त्याला काहीच सांगता येत नसे.

मावशींनी पाटीवर अटी लिहिल्या. पुस्तकं नाहीत, जाहिराती नाहीत, माझ्या आणि हिच्याशिवाय कुणी यंत्राला हात लावायचा नाही; आणि ‘हिच्या’ लिहिताना खडू चिमणीकडे रोखला. संचालिकाबाई भराभर मान डोलावत गेल्या. चिमणीनं वही काढली.

“मावशी, ते लोक विचारतील,” ती म्हणाली. “यंत्र नीट बोलतंय की नाही ते बघायला आधी काहीतरी म्हणून घेतात. काय म्हणायला लावू पहिल्यांदा?”

मावशींनी खडू उचलला, नवऱ्याकडे बघितलं आणि अख्ख्या पाटीवर एकच शब्द लिहिला.

अहो.